नुसतं लावलंय

बारावीच्या परीक्षेआधी माझी भाची महिनाभर आमच्याकडे राहायला होती. एका रात्री नऊच्या सुमारास दुधाचा पेला घेऊन तिच्या खोलीशी गेले आणि दारातच थांबले. समोर रसायनशास्त्राची वही, कानात इअरफोन, हातात उलटे धरलेले पेन. पेनाचे टोपण वहीच्या कडेवर पडत होते. बारीक बारीक टकटक, आणि दर चारेक सेकंदांनी एक जोराचा ठोका. इअरफोनमधून तबला बाहेर पाझरत होता, तेवढा मला पुरे होता. द्रुत तीनताल. मी मनातल्या मनात मात्रा मोजल्या. जोराचा ठोका दर वेळी सोळा मात्रा भरल्या की पडे, बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. ही मुलगी कधी गाण्याच्या क्लासला गेलेली नाही.

"काय ऐकतेयस गं?"

"ऐकत नाहीये मावशी, नुसतं लावलंय. शास्त्रीय आहे. अभ्यासाला चांगलं असतं ना!"

मी वहीत डोकावले. इथेनॉलपासून आधी इथेनाल आणि मग इथेनॉइक आम्ल, ही साखळी तिने पानावर तीनदा उतरवली होती. तिसऱ्या खेपेला मधले इथेनाल गळाले होते.

"नुसतं लावलंय" हे शब्द तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहेत. अभ्यास करताना कोणते शास्त्रीय संगीत लावावे, असे मला पुष्कळ मुले आणि त्यांचे आईवडील विचारतात. बहुतेकांना रागाचे नाव हवे असते. स्मरणशक्तीला अमुक राग, एकाग्रतेला तमुक राग अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात, आणि त्या याद्यांना भरवशाचा आधार नाही. एकाच यमनात अभ्यासाला सोबत करणारी अर्धी घटका असते आणि अभ्यास पार उधळून टाकणारी अर्धी घटकाही असते. बघायचे ते हे की, आत्ता वाजणारा तुकडा आपल्याकडून काय मागतो.

शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते ही समजूत जगभर पसरली, तिच्या मुळाशी एक छोटा प्रयोग आहे. १९९३ साली अमेरिकेत फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की या तिघांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा डी मेजर सोनाटा दहा मिनिटे ऐकवला. लगेच त्यांना काही कोडी सोडवायला दिली. घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, अशा धर्तीची ती कोडी. शांत बसलेल्या किंवा शरीर सैल सोडण्याच्या सूचना ऐकलेल्या वेळेपेक्षा मोझार्ट ऐकल्यावर मुलांचे गुण बुद्ध्यंकाच्या हिशेबात आठ-नऊने जास्त आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला आणि ओसरला. 'नेचर' नियतकालिकात एका पानाचे टिपण छापून आले. त्यात तान्ह्या बाळांचा उल्लेख नव्हता, पाठांतराचा नव्हता आणि अभ्यास करता करता संगीत ऐकण्याचाही नव्हता. मुलांनी आधी ऐकले होते आणि मग कोडी सोडवली होती.

पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. 'मोझार्ट इफेक्ट' हा शब्द घरोघरी पोचला. मग इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा कुठे थोडा परिणाम दिसला, कुठे काहीच नाही. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र मांडले आणि मोझार्टच्या संगीतात बुद्धी वाढवणारे खास काही सापडत नाही, असे सांगितले. पण त्याआधीच, २००१ साली, कॅनडातल्या थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. प्रसन्न, चपळ संगीत ऐकल्याने माणूस ताजातवाना होतो, मन उल्हसित होते, आणि अशा मनाने कोडी थोडी चांगली सुटतात. मन खिन्न करणारे संथ संगीत ऐकवले तर ते घडत नाही. म्हणजे गुण वाढवले ते तरतरीने. एखाद्याला ती तरतरी गावातून एक चक्कर मारून किंवा आल्याच्या चहानेही मिळेल.

यातून अभ्यासाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट हाती लागते. जलद, खेळकर, अंगात वीज भरणारे संगीत अभ्यासाच्या आधी ऐकावे. भाचीची ती द्रुत बंदिश वही उघडण्याआधी दहा मिनिटे ऐकली असती, तर ती सोन्यासारखी होती. वही उघडल्यावर मात्र तिचे काम बदलते.

का बदलते, हे समजायला आपण पाठ कसे करतो ते बघावे लागते. फोन नंबर ऐकला आणि लिहायला कागद सापडेपर्यंत धरून ठेवायचा असला, की आपण तो ओठांच्या आतल्या आत पुटपुटत राहतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात या आतल्या पुटपुटीला स्वतंत्र जागा आहे. ऐकलेला किंवा मनात उच्चारलेला आवाज तिथे एक-दोन सेकंद राहतो आणि पुन्हा पुन्हा घोकला तरच टिकतो. रासायनिक साखळी, सनावळी, आवर्त सारणीतली मूलद्रव्ये, असे क्रमाने लक्षात ठेवायचे सगळे याच अरुंद वाटेने आत जाते.

आता या वाटेवर बाहेरून दुसरा आवाज शिरला तर? १९८२ साली पिएर सालामे आणि बॅडली यांनी माणसांना पडद्यावर आकड्यांची रांग दाखवली. कानावर पडणाऱ्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, असे बजावूनही ठेवले. तरी चुका वाढल्या. डोळ्याला झापड असते, कानाला नसते. पुढे त्यांनीच संगीत लावून पाहिले. गायन चालू असताना पाठांतर जास्त बिघडले, नुसते वाद्य वाजत असताना कमी. आणि भाषा कळत नसली तर चालत असेल, म्हणावे तर तेही नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवला, तरी त्यांचे पाठांतर ढळले. म्हणून ब्रज कळत नाही, तेलुगू कळत नाही, मग ख्याल किंवा कर्नाटक संगीतातली कृती लावायला हरकत काय, हा हिशेब पाठांतराच्या वेळी चालत नाही. तरान्यातले 'तोम', 'दिर', 'तन' निरर्थक असतात, सरगम म्हणजे नुसती स्वरनामे असतात, पण ती उच्चारली जातात आणि क्षणाक्षणाला बदलतात. आतल्या पुटपुटीला तेवढे पुरते. वाचून समजून घेण्याचे काम थोडे वेगळे आहे. तिथे शब्दांचा अर्थ आड येतो, त्यामुळे मराठी भावगीत सगळ्यांत जास्त नडते आणि ध्रुपदातला नोमतोम आलाप पुष्कळ कमी.

इथे एक फसगत होते, ती आपल्याकडे फार आढळते. गायन नको म्हणून मुले बासरीवर किंवा सतारीवर वाजवलेली भावगीते, नाट्यपदे, अभंग लावतात. वाद्यावर शब्द नाहीत हे खरे. पण ज्या घरात ते अभंग रोज सकाळी लागतात, त्या घरातल्या मुलाच्या मनात बासरीच्या पहिल्या फुंकरीबरोबर शब्द उभे राहतात आणि मन सोबत गाऊ लागते. हे गाणे बाहेरच्या आवाजापेक्षाही चिवट, कारण ते आतूनच येते. ओळखीची धुन अभ्यासाच्या वेळी टाळावी, मग ती कितीही सात्त्विक असो.

शब्द बाजूला केले तरी प्रश्न संपत नाही. कानाला बदल टिपायची सवय आहे. एकच नाद सलग चालू राहिला, तर थोड्या वेळाने मन त्याला सोडून देते, जसे पंख्याच्या आवाजाला सोडते. तुटक, टोचून येणारे, दर घडीला रूप बदलणारे स्वर मात्र ते सोडू शकत नाही. पाठांतरावरच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि त्यात आवडते आणि नावडते संगीत यांत फरक पडत नाही. आवडीचे म्हणून ते कमी आड येते, असे होत नाही.

या कसोटीवर आपली मैफल लावून पाहा. सतार, सरोद किंवा बीन, म्हणजे रुद्रवीणा, घ्या. सुरुवातीला आलाप असतो. ताल नाही, तबला नाही, एकेक स्वर सावकाश उमलतो, मींड एका स्वरातून दुसऱ्या स्वरात ओघळते. मग जोड येतो, त्यात लयीचे एक संथ हेलकावणे सुरू होते. मग झाला, चिकारीच्या तारांवर वेगाने पडणारे आघात. मग गत, तबल्याचा प्रवेश, तिहाया, शेवटी कधी सवालजवाब. आलापाच्या बाजूने झाल्याकडे जाताना कलाकार श्रोत्याला हळूहळू स्वतःकडे ओढून आणत असतो. त्याची सगळी विद्या त्यासाठी खर्ची पडत असते. झाल्यात किंवा द्रुत गतीत एखाद्याचे पुस्तकातले लक्ष उडाले, तर त्यात मुलाचा दोष कसला? वाजवणाऱ्याने आपले काम चोख केले.

सम हे या ओढीचे सगळ्यांत धारदार रूप आहे. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभर चालते. तेवढ्या अवकाशात मन पुस्तकात जाऊन परत येऊ शकते. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा पडत असतील, तर सोळा मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत पुरे होते. म्हणजे दर चार सेकंदांनी एक अपेक्षा उभी राहते आणि फिटते. श्रोत्याला शास्त्र माहीत असो वा नसो, अंग ती वाट बघतेच. भाचीचे पेन तेच करत होते. तासाला नऊशे वेळा तिचे लक्ष वहीवरून उठून समेवर जाऊन येत होते, आणि त्यातल्याच एका फेरीत इथेनाल सांडले.

मग निवड कशी करायची? मी माझ्यापुरते ठरवले आहे ते सांगते.

पहिली जागा तानपुऱ्याला. नुसत्या तानपुऱ्याला. लोकांना हे ऐकून जरा वाटते की मी संगीत लावूच नका म्हणतेय. पण गवई रोज पहाटे मन गोळा करायला ज्याच्यासमोर बसतो, ते हेच वाद्य आहे, आणि ते जवळून बघितले तर त्यातले काम लक्षात येते.

मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात ते पंढरपूरच्या बाजूने. एका कारखान्यात मी जवारी लावताना पाहिली होती. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी पुसट उतार असतो. कारागिराने तारा बाजूला सारल्या, घोडीच्या माथ्यावरून कानस दोनदाच फिरवली, तार परत बसवली, छेडली, मान हलवली, पुन्हा तार उचलली. असे किती वेळा झाले ते मी मोजायचे सोडून दिले. मग त्याने तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवला. या धाग्याला जीव म्हणतात. धागा केसभर पुढे गेला आणि मघापर्यंत ठक् वाजून विझणारी तार उघडली. आवाज लांबला, त्यात मधमाश्यांसारखी घूं भरली, आणि त्या घुमेत न छेडलेला गंधार स्पष्ट उभा राहिला.

याचे कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधले होते. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळाले, पण त्याआधी पुष्कळ वर्षे ते वाद्यांच्या मागे होते. तार ज्या बिंदूवर छेडतो, त्या बिंदूपाशी जे स्वरांश स्थिर असायला हवेत ते ऐकू येऊ नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. १९२१ सालच्या एका निबंधात रामन यांनी दाखवले की, वीणा आणि तानपुरा हा नियम पाळत नाहीत. थरथरणारी तार त्या पुसट उताराला सतत घासून उठते, आणि त्यामुळे दडलेले स्वरांशही जागे होतात, जागे राहतात. पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज, अशा चार तारा चार-पाच सेकंदांत एकदा फिरून येतात, आणि एकीची आस विझायच्या आत दुसरी छेडलेली असते. त्यामुळे नाद तुटत नाही.

चार-पाच सेकंदांचे हे चक्रही द्रुत तीनतालाच्या आवर्तनाएवढेच आहे, मग ते लक्ष का ओढत नाही? कारण तिथे वाट बघण्यासारखे काही नाही. पुढच्या फेरीत काही घडणार नाही, हे कानाला पहिल्या मिनिटातच कळते आणि तो सुटतो. शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचा हॉर्न, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, ही सगळी मात्र त्या घुमेत बरीच बोथट होतात. आपल्याकडच्या घरांत अभ्यासाला वेगळी खोली मिळणे अवघडच. दोन खोल्यांच्या घरात चार माणसांत बसून शिकणाऱ्या मुलाला तानपुरा ही जवळजवळ एक भिंत आहे. मोबाइलवर तानपुऱ्याची अॅप फुकट मिळतात. सूर काळी एक किंवा त्याच्याही खाली ठेवावा, आवाज कोंदट वाटला तर पंचमाच्या जागी निषाद लावून बघावा. फोनच्या इवल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, तेव्हा साधा इअरफोन बरा.

कुणाला नुसता तानपुरा कोरडा वाटतो. त्यांच्यासाठी दुसरी जागा संथ आलापाची, आणि त्यात रुद्रवीणा मला सगळ्यांत वर वाटते. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची बीन ऐका. त्यांनी वाद्य मुद्दाम मोठे करून घेतले, भोपळे मोठे, नाद खोल. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांचे गुरुकुल आहे. त्यांचा आलाप घाईत कधीच नसतो. एका स्वराभोवती ते एवढा वेळ थांबतात की वाचणाऱ्याचे एक पान त्यात होऊन जाते. सूरबहारही याच घरातला, सतारीचा खर्जातला थोरला भाऊ. निखिल बॅनर्जी यांच्या सतारीचे आलाप आणि जोड चालतील. झाला सुरू व्हायच्या आत मात्र थांबवावे. बासरीत आस सलग असते, तोडून येणारे आघात नसतात, म्हणून ती सोयीची. पन्नालाल घोष यांनी लांब, खर्जात बोलणारी बासरी मैफलीत आणली, हरिप्रसाद चौरसियांनी ती घराघरांत पोचवली. दोघांचेही आलाप सोबतीला उत्तम. संतूर मी या कामाला लावत नाही. ते कलमांच्या आघातांनी वाजते, स्वर मण्यांसारखे सुटे पडतात, आणि प्रत्येक मणी कान उचलतो. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेकजण अभ्यासाला लावतात. ती काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस सांगते, तिच्यात दर काही मिनिटांनी राग बदलतो, देखावा बदलतो. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत, गच्चीत उभे राहून ऐकावी अशी ती चीज आहे.

गायनातून एकच अपवाद करायचा झाला, तर उस्ताद अमीर खाँ. झुमऱ्याच्या चौदा मात्रांत त्यांची अतिविलंबित लय एवढी संथ असते की बंदिशीचे शब्द विरघळून नुसता आकार उरल्यासारखा वाटतो. गणित सोडवताना, आकृत्या काढताना मला त्यांचा मारवा चालतो. पाठ करताना नाही चालत.

कामागणिक निवड बदलतेच. सरावाची गणिते, नकाशे भरणे, आकृत्या, जर्नल उतरवणे, असे हाताचे आणि ओळखीचे काम असेल तर संगीत कंटाळा पळवते, तिथे थोडे मोकळे सोडायला हरकत नाही. नवा धडा समजून घ्यायचा असेल तर आलाप किंवा तानपुरा. क्रमवार पाठांतराला तानपुरा, नाहीतर शांतता. आणि परीक्षागृहात तानपुरा नसतो, तेव्हा घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायच्या त्या शांततेतच.

शांतता हे उत्तर काहींना सगळ्याच कामांना लागू आहे. ज्यांनी संगीत शिकले आहे त्यांना विशेषतः. माझे स्वतःचे असेच आहे. आलाप लागला की मला निषाद किंचित चढा दिसतो, गायक कोणत्या अंगाने धैवतावर येणार ते मन आधीच ताडू लागते, आणि समोरचे पान तसेच राहते. घरात भाऊ बीन लावून अभ्यास करायचा आणि मी कानात कापूस घालून दुसऱ्या खोलीत बसायची. दोघेही पास झालो. आपल्या मुलाला संगीताने त्रास होत असेल तर त्याला रसिकता नाही, असे कुणी समजू नये. बहुतेक वेळा त्याला जास्त ऐकू येत असते.

रागाच्या वेळेबद्दल विचारतात. सकाळी भैरव, तोडी, दुपारी सारंग, संध्याकाळी मारवा, पूरिया, यमन, मग बागेश्री, मालकंस, दरबारी, हा संकेत आपल्या संगीतात जुना आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी तो पद्धतशीर मांडला. संकेत मोडल्याने गणित चुकत नाही. पण रोज पहाटे पाचला तोच भैरवाचा आलाप आणि रात्री साडेनऊला तोच मालकंस लावला, तर हळूहळू त्या सुरांबरोबर अंग आपोआप अभ्यासाला बसू लागते. तोच राग, तेच ध्वनिमुद्रण, रोज. नावीन्य इथे उपयोगाचे नाही. म्हणूनच दर पाच मिनिटांनी राग, वाद्य आणि आधारस्वर बदलणाऱ्या तयार याद्या मला आवडत नाहीत. प्रत्येक बदलाला कान दचकतो. फुकट ऐकताना मध्येच मोठ्या आवाजात जाहिरात येते तीही तशीच घातक, तेव्हा ध्वनिमुद्रण उतरवून ठेवावे.

तबकडीच्या जमान्यात वेळेचा प्रश्न आपोआप सुटलेला होता. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांत संपायची, सुई मध्याशी जाऊन खरखरायची, आणि ती उचलायला उठावेच लागायचे. उठले की पाणी प्यायचे, मान मोकळी करायची, बाजू पालटायची. अभ्यासाच्या एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. आज आलाप तासभर सलग वाजतो आणि मूल तासभर सलग वाकून बसते.

आवाजाचेही सांगायला हवे. आलाप हळू असतो म्हणून मुले आवाज वाढवतात, आणि पुढे झाला आला की तोच आवाज कानावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि परीक्षेच्या महिन्यात आमची मुले त्याहून जास्त तास कान झाकून बसतात. खोलीत कुणी नेहमीच्या आवाजात हाक मारली, तर ती ऐकू यावी. दारात उभ्या असलेल्या मावशीला तबल्याचे बोल ऐकू येत असतील, तर आवाज फार झाला.

ऐकू नये म्हणूनच रचलेले संगीतही जगात झाले आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने खुर्ची-टेबलासारखे खोलीत नुसते असणारे संगीत रचले आणि त्याला फर्निचर संगीत असे नाव दिले. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजू लागले, तेव्हा श्रोते बोलणे थांबवून जागेवर बसून ऐकू लागले. साती त्यांच्यात फिरून, बोला, हिंडा, ऐकू नका म्हणून विनवत राहिला. लोकांनी ऐकलेच. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. ऐकू नये म्हणून केलेले जिथे माणसाने ऐकले, तिथे आपल्या गवयांनी तर आयुष्य घालवले ते ऐकले जावे म्हणून. मल्लिकार्जुन मन्सूर एका आवर्तनात जे गुंफतात त्यात सुई शिरायला फट नसते. किशोरीताई आमोणकरांचा भूप हा वर्षानुवर्षांच्या विचाराने घडलेला आहे. कुमार गंधर्वांच्या दोन तुकड्यांमधली शांतता हीसुद्धा त्यांची रचना आहे. हे सेंद्रिय रसायनाखाली अंथरायचे नाही. अभ्यास बिघडतो म्हणून तर नाहीच, पण त्या गाण्याचे आपण काही देणे लागतो म्हणूनही नाही. त्याला दिवसाची वीस मिनिटे द्यावीत, पुस्तक मिटून.

भाचीला मी त्या रात्री एवढे सगळे सांगितले नाही. परीक्षा तोंडावर होती. तिच्या फोनवर तानपुरा लावून दिला, काळी एक, आणि दूध प्यायला लावले. म्हणाले, साडेदहापर्यंत हे. मग तुझी ती बंदिश आपण दोघी ऐकू.

साडेदहाला ती वही मिटून बाहेर आली. हॉलमधला दिवा बारीक केला, फोन स्पीकरला जोडला आणि आम्ही सतरंजीवर पाय पसरून बसलो. पहिली चार-पाच आवर्तने ती काहीच बोलली नाही. तबलजीने एक तिहाई घेतली, गायक मुखडा घेऊन बरोबर समेवर उतरले, तशी ती ताठ बसली.

"मावशी, हे दोघं एकाच जागी कसे आले? त्यांना कसं कळतं?"

मी उठून तिच्या टेबलावरचे पेन आणले आणि उलटे करून तिच्या हातात दिले.